संशोधक विद्यार्थ्याला वर्गात उभं करण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विभागात पीएचडीचे नऊ विद्यार्थी आहेत. पुढच्या सत्रापासून ते पदवीच्या वर्गांवर शिकवणार आहेत आणि त्यांच्यासाठी दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायचं काम विभागप्रमुखांनी तुमच्या गळ्यात टाकलंय. त्यात कोणते विषय ठेवावेत, व्याख्यानाला कुणाला बोलवावं, हे तुम्ही विचारलंय. जाता जाता दोन अडचणी सांगितल्यात. काही गाईड म्हणतात, शिकवण्यात वेळ गेला तर प्रबंध रखडेल. आणि नवांतली एक मुलगी म्हणते, मला प्राध्यापक व्हायचंच नाही, तर मी कशाला बसू?

सरळ उत्तर आधी देते. दोन दिवस घेऊ नका. अर्धा दिवस घ्या आणि उरलेला दीड दिवस तासातासाने सत्रभर वाटून टाका. बाहेरून कुणालाही बोलवू नका. का ते सांगते.

विषय कोणते घ्यावेत असं तुम्ही विचारताय, पण या मुलांना विषयांची वाण नाही. आयुष्याची अठरा-वीस वर्षं ती वर्गात बसलीत. शेकडो शिक्षक त्यांनी पाहिलेत, पण बाकावरून. बाकावरून शिकवण्याचा निम्माच भाग दिसतो. शिक्षकाने कुठलं उदाहरण टाकून दिलं, एक प्रकरण दहा मिनिटांत का उरकलं, कुठला प्रश्न मुद्दाम तिसऱ्या तासापर्यंत राखून ठेवला, यातलं काही तिथून दिसत नाही. संशोधनाच्या नोकरीचंही तसंच. गाईडचा छापून आलेला पेपर दिसतो, त्याआधी परत आलेले तीन दिसत नाहीत. त्यामुळे खरी गरज आहे ती त्यांना कुणीतरी शिकवताना पाहण्याची आणि पाहिलेलं त्यांच्याशी बोलण्याची. बाकी सगळं त्यानंतर.

आता काय कशावर अवलंबून आहे तेही सांगून टाकते. मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे माझी उदाहरणं तिकडची असणार. साहित्याच्या किंवा इतिहासाच्या वर्गात चर्चा चालवणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि प्रयोगशाळेत पंधरा टेबलांवर एकाच वेळी लक्ष ठेवणं त्याहून वेगळं. तुमची मुलं स्वतः पूर्ण विषय शिकवणार की कुणाच्या तरी विषयाचे ट्युटोरियल घेणार, वर्गात तीस जण असणार की दोनशे, या कामाचे त्यांना पैसे मिळणार की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पूर्ण विषय हातात देणार असाल तर खालचं सगळं करा. ट्युटोरियल असेल तर निम्मं पुरे. आणि सत्र पुढच्या आठवड्यातच सुरू होत असेल तर फक्त उत्तरपत्रिकांची बैठक घ्या आणि प्रत्येकाच्या एका तासाला जाऊन बसा.

कार्यशाळेबद्दल इतकं ठामपणे बोलतेय कारण मी स्वतः सलग सहा वर्षं अशा कार्यशाळा घेतल्या. पहिल्या दिवशी अध्ययन निष्पत्ती (म्हणजे शेवटी विद्यार्थ्याला काय जमायला हवं त्याची विधानं), ब्लूमची वर्गवारी (शिकण्याच्या चढत्या पातळ्या), ती विधानं लिहायच्या क्रियापदांची यादी. दुसऱ्या दिवशी मूल्यमापन आणि वर्गव्यवस्थापन. शेवटी अभिप्रायाचे फॉर्म. फॉर्म दरवर्षी छान यायचे. सहाव्या वर्षी एका मुलाने आजारपणामुळे मला त्याचा तास पाहायची विनंती केली. बरं वाटेनासं झालं तर पुढचा तास मी घ्यावा, एवढाच हेतू. मी शेवटच्या बाकावर बसले. माझ्या कार्यशाळेत सगळ्यात चांगली निष्पत्ती लिहिणारा हा मुलगा. तो पन्नास मिनिटं फळ्याशी बोलला. वर्गाकडे पाठ, हातात माझ्याच जुन्या नोट्स. त्या आठवड्यात मी आणखी चौघांचे तास पाहिले. थोड्याफार फरकाने तेच. त्यांना सगळं माहीत होतं, त्यांनी केलं मात्र काहीच नव्हतं. पोहण्याची पुस्तकं वाचून घेतल्यावर आपण त्यांना विहिरीत ढकललं होतं.

म्हणून अर्ध्या दिवसात मी आता फक्त दोन गोष्टी करते. पहिली म्हणजे एक खेळ. १९९० साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेने पीएचडीसाठी एक साधा प्रयोग केला होता. एकाने ओळखीच्या गाण्याचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, ऐकणारे निम्मी गाणी तरी ओळखतील. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याच्या कानावर नुसती टकटक येते. मी मुलांना जोड्या करून हे करायला लावते. पाच मिनिटं लागतात. हसाहशी होते, वाजवणारे चिडतात: ‘अरे इतकं सोपं आहे!’ हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून आलं की मी ते फळ्यावर लिहून ठेवते. सत्र संपेपर्यंत ते कामी येतं.

पीएचडी करणाऱ्यांची यात विशेष पंचाईत असते. आयुष्यात विषयाच्या सगळ्यात खोल पाण्यात माणूस जेव्हा असतो, नेमका तेव्हाच आपण त्याला पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर उभा करतो. त्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे दहा मिनिटांचा पाठ. ही कल्पना जुनी आहे. १९६०च्या दशकात स्टॅनफर्डमध्येच ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षक-प्रशिक्षणासाठी ही पद्धत बसवली, शिक्षणशास्त्रात तिला सूक्ष्म अध्यापन म्हणतात. छोटा पाठ, चारपाच श्रोते, व्हिडिओ, चर्चा, आणि मग तोच पाठ पुन्हा. ही शेवटची पायरी बहुतेक ठिकाणी वेळ नाही म्हणून गाळली जाते, आणि ती गाळली की बाकी सगळं वाया. चूक कळल्यावर ती लगेच दुरुस्त करायची संधी मिळाली नाही तर माणसाच्या हातात फक्त लाज उरते. नऊ जणांना एका दिवशी दोनदा उभं करणं जमणार नाही. म्हणून पहिला प्रयत्न त्या अर्ध्या दिवसात घ्या आणि दुसरा पुढच्या दोन आठवड्यांत तिघातिघांच्या गटाने.

एक पाठ जरा सविस्तर सांगते. विषय होता प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप. मुलगा हुशार, वाचन दांडगं. फळ्यावर सूत्र लिहिलं (त्यातला एन म्हणजे एकूण आकडे किती), अक्षर सुरेख. मागून प्रश्न आला, ‘भागताना एन वजा एक का? नुसत्या एनने का नाही भागायचं?’ तो म्हणाला, ‘ते डिग्रीज ऑफ फ्रीडममुळे. कळलं? ओके, पुढे.’

व्हिडिओ लावल्यावर मी ‘कळलं?’पाशी थांबवला आणि सेकंद मोजायला सांगितले. ‘कळलं?’ आणि ‘ओके’ यांच्यात पुरता एक सेकंदही नव्हता. याबाबत तो एकटा नव्हता. मेरी बड रो या अमेरिकी विज्ञानशिक्षण-संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गातल्या ध्वनिफिती तपासून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तेच तीन सेकंदांच्या पुढे गेलं की उत्तरं लांब येतात, जास्त मुलं बोलतात, ‘माहीत नाही’ कमी होतं. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही, असं बाकावरून वाटतं. फळ्यापाशी उभं राहून बघा.

मी त्याला विचारलं, ‘एन वजा एक हे तुला स्वतःला कधी पटलं?’ तो विचारात पडला. मग म्हणाला, ‘खरं सांगू? एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी. तोवर पाठ होतं.’ मी म्हटलं, मग त्या दिवशी काय झालं होतं, तेवढंच वर्गाला दे.

पुढच्या आठवड्यात त्याने तोच पाठ पुन्हा घेतला. सूत्र लिहिलंच नाही. म्हणाला, ‘माझ्याकडे तीन संख्या आहेत, त्यांची सरासरी सात. पहिली सातपेक्षा तीनने कमी, दुसरी एकने कमी. तिसरी सांगा.’ वर्गाने चारने जास्त, म्हणजे अकरा, असं लगेच सांगितलं. ‘मी तर ती सांगितलीच नव्हती! मग सरासरीपासूनची अंतरं तीन असली तरी त्यांतली स्वतंत्र माहिती किती?’ शांतता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी घड्याळाकडे. दोन, तीन, चार. पाचव्या सेकंदाला कोपऱ्यातून हळूच आलं: ‘दोनच.’ तेव्हा कुठे त्याने सूत्र लिहिलं. ही काही पूर्ण सिद्धता नव्हे, दोनने भागल्यावरच सरासरीने अंदाज बरोबर का येतो यासाठी थोडं बीजगणित लागतं, आणि तेही त्याने वर्गाला प्रामाणिकपणे सांगितलं. पण मुलांच्या मनात एन वजा एकला आता काहीतरी अर्थ होता.

या दोन प्रयत्नांमध्ये मी त्याला शिकवण्याच्या पद्धतीवर एक शब्दही बोलले नव्हते.

सत्र सुरू झालं की पाहण्याचं काम. हा भाग तुमच्या सगळ्या योजनेचा कणा आहे, म्हणून कसं पाहायचं ते जरा नीट सांगते. तासाच्या आदल्या दिवशी दहा मिनिटं बोला: उद्या मुलांना काय जमायला हवंय, आणि मी कशाकडे लक्ष द्यावं असं तुला वाटतं? तासाला शेवटच्या बाकावर बसून डाव्या बाजूला वेळ आणि उजव्या बाजूला दिसलेलं एवढंच लिहा. ‘१०:१२, प्रश्न विचारला, स्वतःच उत्तर दिलं.’ ‘१०:२५, उजवीकडच्या तीन रांगा लिहायच्या थांबल्या.’ ‘उत्साही’, ‘गोंधळलेला’ असली विशेषणं लिहायची नाहीत. तास संपल्यावर त्याच दिवशी बसा आणि आधी त्याला बोलू द्या. नव्वद टक्के वेळा तुम्हाला जे सांगायचं असतं तेच तो सांगतो, वर आणखी दोन गोष्टी, त्याही गरजेपेक्षा जास्त कठोरपणे. तुमच्या बाजूने एकच गोष्ट सुचवा. एकच. वहीत बारा मुद्दे लिहिले असले तरी. बारा सांगितले तर तो त्यांतला सगळ्यात सोपा निवडतो, बहुतेक वेळा ‘आवाज मोठा ठेवीन’.

आणि ते टिपण त्याच्या हातात द्या, फायलीत लावू नका. पाहणं आणि मार्क देणं एकत्र केलं की मुलं तुम्हाला दाखवण्यासाठी शिकवायला लागतात. याच कारणासाठी पहिल्या सत्रात गाईडने पाहायला जाऊ नये असं माझं मत आहे. ज्याच्या सहीवर प्रबंध अवलंबून, त्याच्यासमोर कुणी मोकळेपणाने चुकत नाही. नऊ जणांनी एकमेकांचे तास पाहिले तर अतिउत्तम, तुमचाही भार हलका होतो.

पहिल्या पाहणीत त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. फ्रान्सेस फुलर या अमेरिकी संशोधिकेने १९६९मध्ये नव्या शिक्षकांच्या काळज्यांचा अभ्यास मांडला आणि पुढच्या कामात त्यांच्या पायऱ्या सांगितल्या. सुरुवातीची काळजी स्वतःची असते: मी टिकेन का, मुलं मला मानतील का. मग कामाची: वेळ कसा पुरवू, पोर्शन कसा संपवू. मुलं खरंच शिकतायत का, ही काळजी बरीच उशिरा येते. मला हे इतक्या वेळा दिसलंय की आता पहिल्या चार आठवड्यांत तास झाल्यावर ‘मुलं किती शिकली?’ हा प्रश्न मी विचारतच नाही. स्वतःचे हात कुठे ठेवायचे हे ज्याला सुचत नाहीये, त्याला तुमचा प्रश्न ऐकू येत नाही.

आता उत्तरपत्रिका. याबद्दल कुणी विचारत नाही, आणि नव्या माणसाची सगळ्यात जास्त फजिती इथेच होते. पहिल्या चाचणीच्या आधी एक तास काढा. नाव झाकलेल्या पाच जुन्या उत्तरांच्या प्रती नऊही जणांना द्या आणि एकमेकांशी न बोलता दहापैकी गुण द्यायला सांगा. मग सगळे आकडे फळ्यावर. आमच्याकडे एकाच उत्तराला तीनपासून आठपर्यंत गुण पडले होते. तीन देणारी म्हणाली, शेवटचं उत्तर चुकलंय आणि एकक लिहिलेलं नाही. आठ देणारा म्हणाला, पद्धत पूर्ण बरोबर आहे, बेरजेत घसरलाय. दोघंही आपापल्या जागी बरोबर, फक्त आपण गुण कशाला देतोय हे कुणी आधी ठरवलंच नव्हतं. मग आम्ही चार ओळींचं रुब्रिक, म्हणजे कशाला किती गुण याचा तक्ता, केलं आणि पुन्हा तपासलं. फरक दोन गुणांवर आला. त्या एका तासात मूल्यमापनाबद्दल ती मुलं जे शिकली ते माझ्या सहा वर्षांच्या स्लाइड्सनी शिकवलं नव्हतं. शिवाय एक गोष्ट आपोआप झाली: प्रश्नपत्रिका काढताना ती स्वतःच विचारायला लागली की हा प्रश्न नक्की काय तपासतोय.

वर्गात चर्चा, जोडीने सोडवायची उदाहरणं वगैरे घ्यावं की सरळ व्याख्यान द्यावं, असं ती विचारतीलच. पुरावा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. २०१४मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीतले २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी सुमारे ३४ टक्के होतं, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२. पण नव्या शिक्षकाला याची दुसरी बाजूही आधीच सांगून ठेवा. २०१९मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेल्या एका प्रयोगात दिसलं की स्वतः उदाहरणं सोडवलेली मुलं चाचणीत जास्त शिकलेली निघाली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. गुळगुळीत व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. तेव्हा अभिप्रायात ‘मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच करायला लावतात’ असं आलं तर ते वाचून तुमच्या नव्या शिक्षिकेने रडू नये, एवढी तयारी करून द्या. सुरुवात मात्र लहान असू दे. तासात एक प्रश्न, दोन मिनिटं, शेजाऱ्याशी बोलून उत्तर. एवढं जमलं की पुढचं.

गाईडांचा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. वेळ खरोखर जातो. पण शिकवणं आणि संशोधन एकमेकांचे वैरी आहेत हे गृहीत तपासून पाहण्यासारखं आहे. २०११मध्ये डेव्हिड फेल्डन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या संशोधन-पत्रिकेत एक अभ्यास प्रसिद्ध केला. विज्ञान आणि अभियांत्रिकीतल्या संशोधक विद्यार्थ्यांचे लेखी संशोधन-प्रस्ताव त्यांनी वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी तपासले. नुसतं संशोधन करणाऱ्यांपेक्षा संशोधनासोबत शिकवणाऱ्यांची प्रगती दोन बाबतींत जास्त होती: तपासता येईल असं गृहीतक मांडणं आणि प्रयोगाची योग्य आखणी करणं. मला यात नवल वाटलं नाही. ‘हा प्रयोग असाच का करायचा?’ या प्रश्नाला आठवड्यातून वीसदा तोंड देणारा माणूस स्वतःच्या प्रयोगालाही तोच प्रश्न विचारायला लागतो. हा पेपर गाईडांपुढे ठेवा. एका अभ्यासाने सगळं सिद्ध होत नाही हेही सांगा, म्हणजे ते ऐकतील.

मात्र वेळेला कुंपण घाला, आणि तेही लेखी. आठवड्याचे तास किती, तपासणी धरून की सोडून, प्रबंध लिहायच्या शेवटच्या सत्रात सूट आहे की नाही. नव्या शिक्षकाची वेळखाऊ सवय म्हणजे अति तयारी. एका तासासाठी आठ तास वाचतो, सगळं सांगायच्या नादात धावतो, आणि मुलांनी प्रश्न विचारला की वैतागतो, कारण पोर्शन मागे पडतो. मी सांगते, पहिल्यांदा शिकवताना एका तासामागे तीन तास, त्यापुढे वही मिटायची. आणि तयारीचा शेवटचा अर्धा तास काय गाळायचं हे ठरवण्यासाठी. सुरुवातीला हे कुणालाच जमत नाही. सत्राच्या मध्यावर जमतं.

एक अप्रिय गोष्टही इथेच सांगते. विभागाला शिक्षक कमी पडतायत म्हणून ही नऊ मुलं वर्गांवर पाठवली जात असतील आणि ‘प्रशिक्षण’ हे नुसतं नाव असेल, तर गाईड बरोबर आहेत. अशा वेळी तुमची कार्यशाळा म्हणजे भिंतीवरच्या भेगेवर चिकटवलेलं कॅलेंडर. पाहायला कुणी येणार नाही, बोलायला कुणी बसणार नाही, पण तास मात्र भरून निघतील. विभागप्रमुखांना हे सत्र सुरू व्हायच्या आधी विचारा: पाहणीचे तास माझ्या आणि इतरांच्या वर्कलोडमध्ये धरणार का? या एका प्रश्नाच्या उत्तरावरून तुम्हाला सगळं कळेल.

नोकरीच्या तयारीबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, पण ती याच कामाचा भाग आहे. १९९३मध्ये अमेरिकेत पदव्युत्तर संस्थांच्या परिषदेने आणि महाविद्यालयांच्या एका राष्ट्रीय संघटनेने मिळून भावी प्राध्यापकांच्या तयारीचा एक कार्यक्रम सुरू केला. त्यातली मला आवडलेली कल्पना अगदी साधी आहे: संशोधक विद्यार्थ्याला स्वतःच्या विद्यापीठाबाहेर, वेगळ्या प्रकारच्या संस्थेत नेऊन तिथल्या प्राध्यापकाचा दिवस दाखवा. कारण पीएचडी होते मोठ्या संशोधन-विद्यापीठात, आणि नोकरी लागली तर बहुतेकांना लागते ती शिकवण्यावर भर असलेल्या लहान संस्थेत. तिथे प्रयोगशाळा छोटी, आठवड्याचे तास जास्त, समित्या भरपूर आणि मुलांची तयारी वेगळी. तुमच्या नऊ जणांना सत्रातून एकदा अशा एका दिवसासाठी पाठवा. खर्च जवळपास शून्य. परत आल्यावर दोघं जण म्हणतील, हे आपल्याला जमणार नाही. तेही कळणं चांगलंच, पाच वर्षांनी कळण्यापेक्षा.

दुसरं, पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला एक फाईल ठेवायला सांगा. स्वतः तयार केलेली असाइनमेंट, तिच्यात नंतर केलेली दुरुस्ती, पाहणीची टिपणं, अभिप्राय. अर्जासोबत अध्यापनाबद्दलचं निवेदन मागतात तेव्हा ज्यांच्याकडे फाईल नसते ते विशेषणं लिहितात. ‘मी विद्यार्थीकेंद्री पद्धतीने शिकवतो.’ निवड समितीवर बसून मी हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की आता डोळे आपोआप खालच्या ओळीवर जातात. त्याउलट एकीने लिहिलं होतं, ‘पहिल्या चाचणीत निम्म्या वर्गाने प्रमाण विचलन आणि प्रमाण त्रुटी यांत गल्लत केली, म्हणून मी पुढचा तास असा बदलला, आणि तरीही अमुक गोष्ट सुटली नाही.’ तिला आम्ही मुलाखतीला बोलावलं ते त्या ‘तरीही’मुळे.

डेमो लेक्चरबद्दल एवढंच: समोर प्राध्यापक बसलेले असले तरी उमेदवाराने पहिल्या वर्षाच्या वर्गालाच शिकवायचं. बहुतेक जण समितीला इंप्रेस करायला जातात आणि स्वतःचा प्रबंध सांगून येतात.

आणि जागांबद्दल खरं बोला. बहुतेक देशांत, बहुतेक विषयांत पीएचडी होणारे जास्त आणि कायमच्या जागा खूप कमी, अशी स्थिती आहे. हे मुलांना माहीत असतं. त्यांना हवं असतं ते मोठ्यांपैकी कुणीतरी मोठ्याने म्हणणं. आम्ही सत्राच्या शेवटच्या बैठकीत याच विषयावर तासभर बसतो, ज्यांना जागा मिळाली नाही अशा एक-दोन जुन्या विद्यार्थ्यांना बोलावून. नकाराचे किती ईमेल आले हे तेच सांगतात.

म्हणजे तुमचं सत्र साधारण असं दिसेल: आधी तो अर्धा दिवस, मग दोन आठवड्यांत पुन्हा-पाठ. पहिल्या चाचणीआधी उत्तरपत्रिकांची बैठक. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली पाहणी, मध्यावर दुसरी, आणि तोवर एकमेकांचे तास पाहणं चालू. शेवटी दुसऱ्या संस्थेची भेट आणि जागांबद्दलची बैठक. तुमचे एकूण तीसेक तास जातील, त्यांतले बहुतेक निव्वळ पाहण्यात आणि बोलण्यात.

राहिली ती मुलगी. तिच्यावर जबरदस्ती करू नका आणि ‘शिकवणं कुठेही उपयोगी पडतं’ असं प्रवचनही देऊ नका, ते तिने ऐकलेलं असणार. पूर्ण विषय तिच्या गळ्यात मारू नका. दहा मिनिटांचा पाठ आणि उत्तरपत्रिकांची बैठक, एवढ्याला ये म्हणावं. नाहीतरी पाठांचे व्हिडिओ घ्यायला आणि सेकंद मोजायला एक माणूस लागतोच, ते काम तिला द्या. कॅमेऱ्यामागे बसणाऱ्याला वर्ग सगळ्यात नीट दिसतो, आणि ‘कळलं?’नंतरचे सेकंद मोजणाऱ्यावर कुणी रागावत नाही. चौथ्या आठवड्यात तिला एकदा विचारा, एखादा तास घेऊन बघायचाय का. नाही म्हणाली तर पुन्हा विचारू नका, कॅमेरा मात्र तिच्याकडेच राहू द्या.